सासूबाईंनी अर्धी घेतली

सांगायलाही लाज वाटते, पण तुम्ही घरचेच, आणि चहा उकळायला अजून वेळ आहे. तेव्हा ऐका. एका पोळीपायी मी माझ्या सासूबाईंचं नाव गावभर कसं घालवलं, त्याची ही गोष्ट.

मी तिसरीला शिकवते. शाळा जिल्हा परिषदेची. पेठ रोडला शहर संपलं की झेंडूची आणि मेथी-कोथिंबिरीची शेतं लागतात ना, त्यांच्या मधोमध. घर शहरात, द्वारका चौकाजवळ. म्हणजे सकाळी त्या चौकातली गर्दी ओलांडेपर्यंतच माझी अर्धी ताकद संपलेली असते. उरलेल्या अर्ध्यात ऑनलाइन माहिती भरा, खिचडीचा तांदूळ बघा, आणि जीव शिल्लक असलाच तर अपूर्णांक शिकवा.

पुस्तकातल्या राजूकडे कायम आंबे असतात. पण आमच्या वर्गाला त्याचं काय? "बाई, कुठला राजू?" एवढं विचारून पोरं खिडकीबाहेर बघत बसतात. एकदा अगदी कंटाळून मी राजूला हाकललं आणि त्याच्या जागी स्वतःलाच उभं केलं. "बाईंच्या घरी एक पोळी उरली. सासूबाईंनी अर्धी घेतली, बाईंच्या मिस्टरांनी पाव घेतली. बाईंना किती राहिली?"

खिडकीबाहेरच्या नजरा फळ्याकडे वळल्या. मग पुढच्या बाकावरची समृद्धी खालच्या आवाजात म्हणाली, "पाव."

बरोबर! जे महिनाभर घसा कोरडा करून जमलं नव्हतं, ते एका पोळीत जमलं. मग काय, मी सुटलेच. दमलेल्या माणसाला नवीन कुठलं सुचतंय? रोज आमचंच घर. वजाबाकी आली की सासूबाई हजर. कलिंगड आणलं की पाऊण त्यांनी खाल्लं. बेरजेला भांडी होतीच. बाईंनी सकाळी बारा घासली, संध्याकाळी पंधरा, एकूण किती? समृद्धीने विचारलं, "आणि सासूबाईंनी किती घासली?" मी म्हटलं, "एकही नाही. तू बेरीज कर."

आता खरं सांगते. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, पहाटे उठून सगळ्यांच्या पोळ्या लाटतात. माझा डबा त्याच भरतात. त्यात एखादी पोळी जास्तच घालतात. भांड्यांना बाई येते. पण गणितात खरं कोण सांगतं हो? राजूकडे तरी कुठे आंबे होते?

हे तुम्हाला-मला कळतं. तिसरीतली पोरं मात्र शाळेत जे घडतं ते इमानेइतबारे घरी जाऊन सांगतात.

थोड्या दिवसांनी माझ्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेली भाकरी दिसायला लागली. मग मेथीची जुडी. मग पेरू. समृद्धीची आजी एकदा फाटकात भेटली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, लय वाळल्या तुम्ही." दोन वर्षं मी वजन कमी करायच्या मागे आहे, काटा ढिम्म हलत नाही. मला इतका आनंद झाला की मी तिला वाकून नमस्कार केला. तिने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, काय माया आहे या गावाची! आपल्या शिकवण्याचं चीज झालं.

घरी मी हे सगळं फुशारकीने सांगायचे. आईंना त्या मेथीचं फार कौतुक. एवढी कोवळी मेथी देणारी माणसं एकदा बघायची म्हणून एका शनिवारी त्या माझ्यासोबत शाळेत आल्या. शनिवारी आमच्याकडे दप्तर नसतं, गाणी-गोष्टी असतात. आईंनी आदल्या दिवशी बसून मुलांसाठी डबाभर रव्याचे लाडू वळले होते.

"या माझ्या सासूबाई," मी वर्गाला सांगितलं.

आई लाडू घेऊन बाकांमधून फिरल्या. एकाही पोराने हात पुढे केला नाही. तिसरीतली पोरं आणि लाडू नको? आईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी त्या समृद्धीपुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "घे गं बाळ."

समृद्धी म्हणाली, "आधी बाईंना द्या. अख्खा द्या."

तेवढ्यात दारात तिची आजी, ओच्यात पेरू घेऊन. तिने आईंना आपादमस्तक न्याहाळलं. "ताई, राग नका मानू. सून बी लेकच असती. पाव पोळीवर माणूस जगल का? तुम्ही अर्धी घेता, वर भांड्याला हात लावत नाय."

आईंनी माझ्याकडे बघितलं. काय सांगू, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरले होते. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी "ते गणित होतं, नुसतं गणित होतं" असं काहीतरी पुटपुटत राहिले. आजीला ते पटलं नाही. सासूसमोर सून दुसरं काय बोलणार?

आईंनी पदराने डोळे पुसले, लाडूचा डबा टेबलावर ठेवला आणि खडू उचलला.

"मीही एक गणित घालते," त्या म्हणाल्या. "आज पहाटे बाईंच्या घरी एकूण बारा पोळ्या झाल्या. त्यातल्या बारा सासूबाईंनी लाटल्या. तर बाईंनी किती लाटल्या?"

पोरांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"शून्य," समृद्धी म्हणाली.

दोन मिनिटांत डब्यातले लाडू संपले. आजीने पेरू आईंच्या ओटीत घातले आणि जाताना माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आता टेबलावर मेथी येते ती "तुमच्या घरच्या आजींना द्या" असं बजावूनच. आणि सकाळच्या पोळ्या मी लाटते. मीच, झोपेत. परवा म्हटलं, चला, निदान धड्याला तरी उपयोग होईल. डब्यातली पोळी वर्गासमोर धरली आणि समृद्धीला म्हटलं, हिची अर्धी करून दाखव.

तिने पोळी हातात घेतली, फिरवली, उलटी करून पाहिली आणि परत माझ्या डब्यात ठेवली.

"बाई, उद्या आजींची आणा. हिच्यात अर्धं कुठं हाय तेच कळत नाय."