लाटेआधी आलेले कण

नियंत्रण कक्षात सगळे तिला माई म्हणत. अकरा वर्षं ती एकाच उपग्रहाचे आकडे बघत होती. त्या सकाळी सूर्यावरच्या स्फोटातून सुटलेली आघात-लाट उपग्रहापर्यंत पोहोचायला दीड दिवस होता, तरी त्याच्यावर आदळणाऱ्या विद्युतभारित कणांची मोजणी चढू लागली आणि माई शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडे वळली.

"साहेब, उपग्रहावरचा कॅमेरा बंद करूया, चालू राहिला तर जळेल."

"लाट कुठे आलीय अजून?"

"लाट नाही, कण येतायत. लाटेच्या दोन्ही बाजूंच्या चुंबकीय गुंत्यावर आपटून ते तिला पुन्हा पुन्हा ओलांडतात. दर फेरीला वेग वाढतो. फार वेगवान झालेले लाटेला मागे टाकून सुटतात."

साहेब वर विचारायला गेले. आकडा दुप्पट झाला. चुकलं तर नोकरी जाणार होती. तरी माईने स्वतःच कॅमेरा बंद करायची आज्ञा पाठवली.

सात मिनिटांत मोजणी हजारपट झाली. साहेब परत आले आणि पडदा बघून खुर्ची ओढून माईशेजारी बसले.

तीन दिवस माईला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा सुरू केलेल्या कॅमेऱ्याचं पहिलं चित्र स्वच्छ आलं, तेव्हा ती रडली.

"चौकशी होईल," साहेब म्हणाले. "परवानगी मीच दिली होती म्हणतो."

"नको. झालं तसंच लिहा."