वरून ऐकलेली तक्रार

ड्रोनला माइक बांधायचा आणि खाली अडकलेल्या माणसाचा आवाज वरून ऐकायचा, हे माझं काम. पुरात, दरडीत सापडलेल्यांना शोधायला त्याचा उपयोग होईल. अडचण एकच, ड्रोनचे पंखेच इतके घरघरतात की खालचा माणूस त्यात बुडून जातो. ती घरघर पुसून टाकणारा प्रोग्रॅम मी लिहिते, आणि त्यापायी घरीही दिवसभर तिचंच रेकॉर्डिंग लावून बसते. सासऱ्यांनी तिचं नाव ठेवलं होतं, सूनबाईंची पिठाची गिरणी.

त्या रविवारी शहराबाहेरच्या टेकडीवर चाचणी होती; ड्रोन उडवायला एक सहकारी होता. "गिरणी उडते तरी कशी ते बघू," म्हणून सासरेही आले. झुडपाआडून "वाचवा, वाचवा" असं ओरडायला कोणीतरी हवं होतं. मी त्यांना विचारलं.

"मला काही झालेलं नाही. उगाच कशाला ओरडू?" म्हणाले, आणि टेकडीपलीकडे फिरायला निघून गेले.

ऊन उतरलं तरी ते परतले नाहीत. त्यांचा फोन गाडीतच राहिलेला. हाका मारून मारून आमचे घसे बसले, पलीकडून उत्तर नाही. ती सगळी उतरण घाणेरीच्या जाळ्यांनी भरलेली, त्यात त्यांना मधुमेह. नवऱ्याला फोन करून सांगणार तरी काय होते मी?

सहकाऱ्याने ड्रोन उतरणीवर नेला. मी हेडफोन लावले. पंखे नाहीत, वारा नाही, सगळं स्वच्छ. याच शांततेसाठी मी महिनोन्महिने खपले होते, आणि आता तिचीच भीती वाटत होती. मग डोक्यात आलं, आमचा प्रोग्रॅम शिकलाय तो आरडाओरडा ऐकून. साधं बोलणं तो पंख्यांबरोबर पुसून टाकत असणार, आणि आमचे बाबा काही ओरडणाऱ्यातले नव्हेत. मी सफाई बरीच कमी केली. घरघर परत आली, आणि तिच्यामागून बारीकसा आवाज.

"अहो, कोण आहे तिकडे? आधी ती गिरणी बंद करा. दुपारपासून नुसता उच्छाद मांडलाय."

मी रडायलाच लागले. सहकाऱ्याला वाटलं, काहीतरी वाईट ऐकलं.

ड्रोन घिरट्या घालत होता त्याच्या खालीच, पाय मुरगळून ते एका चरात बसलेले सापडले.

"बाबा, हाक नाही का मारायची?"

"डोक्यावर तुझी गिरणी. ऐकणार कोण?"

"मी ऐकलं की."

त्यांनी उठवायला हात तेवढा पुढे केला. माझ्या खांद्यावर भार टाकून थोडं चालल्यावर म्हणाले, "गिरणी ऐकू आली, तेव्हा जिवात जीव आला हो."

हे इतकं हळू, की माझ्या प्रोग्रॅमने नक्की पुसून टाकलं असतं.