श्रावणातल्या फ्रीजमधलं कार्ड

आधी काकूंचं सांगतो, बाकीचं मागून. काकू म्हणजे नाकाडोंगरीतल्या माझ्या घरमालकीण. त्या नसत्या तर त्या दिवशी माझं काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

मी साताऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इथल्या सागाच्या रोपवनात मजुरीला लागलो. त्या पावसाळ्यात अळ्यांनी पानं अशी खाल्ली होती की नुसत्या शिरा उरल्या. पानातून आभाळ दिसायचं. औषध न फवारता बारीक माश्या सोडायच्या असं ठरलं. या माश्या नीट बघितल्याशिवाय दिसतही नाहीत. अळीचं पाखरू अंडी घालतं, त्या अंड्यांत या आपली अंडी घालतात. मग अळी निघतच नाही. प्रयोगशाळेतून त्या येतात कार्डावर, चिकटवलेल्या अंड्यांच्या आत.

रोपवनाच्या साहेबांनी कार्डांचं पाकीट पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. "पावसात लावता येणार नाही. उद्यापर्यंत फ्रीजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात नको. उबेत राहिलं तर पाकिटातच माश्या निघतील आणि मरतील."

"हो साहेब," म्हणालो खरा. फ्रीज काकूंचा, आणि महिना श्रावण. श्रावणात त्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. मी दारातच भिजत उभा राहिलो.

"काहून उभा राहिला, बाबू? अंदर ये नं."

"काकू, हे फ्रीजमध्ये ठेवायचं होतं."

"काय आहे?"

"अंडी." दुसरा शब्दच सुचेना.

"श्रावणात? माह्या फ्रीजमंदी?"

मी घाईघाईनं कार्ड काढलं. खसखशीहून बारीक काळे दाणे. "कोंबडीची नाहीत हो. तांदळात जाळी करतं ना, त्या पाखराची. आत माशी वाढते."

काकूंनी चष्मा लावला. "म्हंजे घर एकाचं आन् राहून राहिली दुसरीच?"

"हो."

"तुह्यासारखी भाडेकरू." मग कार्ड उलटून बघत, "घरमालकिणीले काय करते मंग ते?"

"खाते," मी खरं ते सांगितलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. "अगं बाई! तुले तं टाइमावर जेवाले द्या लागन!"

त्यांनी भाजीचा कप्पा रिकामा केला, धुतलेलं फडकं अंथरलं आणि पाकीट ठेवलं. "पन घरात अंडी म्हनू नको. कार्ड म्हन."

काका बाहेरून आले. "फ्रीजमंदी कायचं कार्ड?"

"माश्यायचं आधार कार्ड. हात लावाचा नाही."

दुपारी लाईट गेली. मी दर थोड्या वेळानं उठून फ्रीजच्या दाराला हात लावून बघू लागलो. पाकीट गेलं तर साहेब परत विश्वास टाकणार नाहीत, काम गेलं तर गावी कुठल्या तोंडानं जायचं, हेच डोक्यात. काकूंनी मनगट धरून बसवलं. "तूच गरम करशीन त्याले. बस, जेव." फ्रीजचं दार कुणी उघडायचं नाही असा हुकूम निघाला. दूध आतच राहिलं. काका कुरकुरत कोरा चहा प्यायले.

संध्याकाळी लाईट आली. सकाळी उघाड होती. पाकिटात एकही माशी बाहेर आलेली नव्हती. कार्डाच्या पट्ट्या आम्ही पानांच्या पाठीला टाचल्या. काही दिवसांनी साहेबांनी भिंगातून दाखवलं: पानावरची अळीच्या पाखराची अंडी काळी पडली होती. म्हणजे आमच्या माश्या पोचल्या होत्या. पुढचं पाकीटही माझ्याच हातात आलं.

काकूंची थोडी धानाची, म्हणजे भाताची शेती आहे. घरी सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "धानाच्या खोडकिड्याले जमते का रे हे?"

मला माहीत नव्हतं. साहेबांना विचारलं, तर धानाला माशीची जात वेगळी लागते, वेळही वेगळी. अजून शिकतोय. पण ठरवून टाकलंय: शिकलो की पहिली बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, काकूंची. धानात उतरून तिथली कार्डं मी स्वतः लावीन, एक ना एक दिवस नक्की.