रुखवतातला दिवा

माझी कमलमामी कुणाच्याही घरी गेली की आधी आढ्याकडे बघायची, माणसांची विचारपूस नंतर. उघडा बल्ब लोंबकळताना दिसला की चहात साखरेऐवजी मीठ पडल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. "ह्यो काय उजेड हाय गो? डोल्यांत टोचतंय," असं ती सरळ तोंडावर म्हणायची. यजमानीण ओशाळायची आणि मला हसू आवरत नसे.

मुरबाडच्या पुढे टोकावड्याला तिचं घर. गावात भाताची गिरणी आली तशी घरोघरची उखळं-मुसळं अडगळीत गेली. मामीने ती मागून आणली. उखळात मुसळ उभं रोवायचं, त्याला वायर गुंडाळायची, वर जुन्या सुपाची टोपी बसवायची, की कोपऱ्यात ठेवायचा दिवा तयार! फुटक्या मडक्याला भोकं पाडून तिने ओटीवर टांगलं होतं. बैलगाडीचं जू आडवं बसवून केलेल्या बाकावर तर सरपंचही मुद्दाम बसून जायचे. "असा कुनाच्या घरात असंल तं दाखव, नाव बदलीन," ती छाती पुढे काढून म्हणायची. नम्रपणाशी तिचं कधी जमलं नाही, आणि मला तिची हीच गोष्ट फार आवडायची.

पण दुसऱ्याचं चांगलं दिसलं की ती तितक्याच जोरात खूश व्हायची. मी शहापुरात घर घेतलं, तेव्हा तिला खुर्च्या निवडायला कल्याणच्या एका मोठ्या दुकानात नेलं. एकाच फळीला बाक देऊन केलेली एक खुर्ची तिथे होती. मामी तिच्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. "ही मानसाची पाठ ओलखते गो!" पुढे चुरगळलेल्या कागदाचा एक भलामोठा दिवा टांगलेला होता. त्याच्याखाली ती मान वर करून इतका वेळ उभी राहिली की दुकानदाराने पाणी आणून दिलं. "ज्यानं केला ना, त्याच्या हातांचा मुका घ्यावा," ती म्हणाली. दुकानातली माणसं हसली. तिला त्याचं काहीच नव्हतं.

तिचा सगळ्यात देखणा दिवा मामाच्या हातचा होता. पावसाळ्यात शेताच्या बांधातून पाणी वाहतं, तिथे मासे अडवायला लावतात तो बांबूचा लांबट पिंजरा मामा स्वतः विणायचा. मामा गेला. मामीने त्याचा शेवटचा पिंजरा धुतला, चुलीजवळ सुकवला आणि उलटा टांगून आत बल्ब सोडला. भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटली. वारा आला की ती सगळ्या घरभर हलायची. आता माळशेजच्या रस्त्यावरच्या ढाब्यांतून असे दिवे दिसतात. जेवायला बसलेल्या अनोळखी लोकांनाही मी सांगते, हे डोकं माझ्या मामीचं. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगते.

नव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या संगीताचं लग्न ठरलं. संगीता तिची एकुलती एक. तेव्हा रुखवतात थर्माकोलचे राजवाडे आणि प्लास्टिकच्या मण्यांचे मोर मांडायची पद्धत होती. मामीने हा दिवा ठेवायचा ठरवला आणि घरात वादाला तोंड फुटलं.

"आई, सासरची मानसं हसतील. कपाट हाय, मिक्सर हाय. बास झाला की!"

"त्या दुकानातल्या वस्तू. ह्यो घरचा हाय."

मायलेकी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मामी मला मागच्या दारी घेऊन गेली. एवढ्या तोऱ्याच्या बाईने हळूच विचारलं. "तिला ह्याची लाज वाटली तं कसं गो? बापाचा दुसरा काय हाय माज्याकं, तिला द्यायला?"

शेवटी तिने हट्टाने दिवा रुखवतावर टांगून लावलाच. संध्याकाळी नवऱ्याकडच्या बायका बघायला आल्या. त्यांत नवऱ्याची आजी होती, गळ्यात तुळशीची माळ घातलेली. दिव्यापाशी येऊन ती थबकली.

"विहीनबाय, ह्यो मासं धरायचा हाय ना? आमी मालकरी मानसं. लग्नात ह्यो कशाला मांडला?"

मासे-मटणाचा विचार मामीच्या काय, आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आम्हाला तो पिंजरा केव्हापासून दिवाच वाटत होता. आजवर कुणापुढे मान खाली न घातलेली मामी पुढे झाली आणि दिवा सोडवायला तिने तारेला हात घातला. मला ते बघवेना.

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली संगीता बायकांतून वाट काढत आली. तिने आईचा हात धरून खाली घेतला.

"आजी, ह्यो माज्या बापानं विनलाय. ह्याच्यात आता मासं नाय येत. मी ह्यो नेनार हाय."

म्हातारीने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या जाळीकडे. "ने बाय," ती म्हणाली, "पन देवाच्या खोलीत लावू नको."

"नाय लावनार."

सगळ्या बायका हसल्या. आजीही हसली. मामी मात्र लेकीकडे बघतच राहिली.

पाठवणीच्या वेळी ड्रायव्हर दिवा जीपच्या टपावर बांधायला निघाला. संगीताने तो त्याच्या हातून काढून घेतला आणि शालूवर, मांडीत धरून बसली. आम्ही बायका हमसून रडत होतो. मामीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. ती फक्त संगीताच्या हातांकडे बघत होती. जीप सुरू झाली तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं.

"बघ गो," ती म्हणाली, "बापाला धरल्यावानी धरलाय."