डांगराची सोयरीक

आप्पांनी जन्मात जमवलेल्या सोयरिकींपैकी एकच फसली, आणि ती भोपळ्याची होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. कडा गावात आमचं किराणा दुकान होतं, पण आप्पा खरे रमायचे ते लग्नं जुळवण्यात. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. (शिकवायचो असं मी म्हणतो. मुलांचं मत वेगळं असू शकेल.) बाजार नुकताच खुला झाला होता, पानटपरीवर परदेशी थंडपेय आलं होतं आणि नगरच्या एका दुकानात मला परदेशी भोपळ्याच्या बियांचं चकचकीत पाकीट मिळालं. त्यावर एक गोरा माणूस भोपळ्याला टेकून उभा होता आणि भोपळा त्याच्या कमरेला लागत होता. मी वेडाच झालो.

बी परसात लावलं. वेल धरला तसं मी घरादाराला अनुवंशशास्त्र शिकवायला घेतलं. भोपळ्याची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलाखाली इवलीशी गाठ असते, तिचाच पुढे भोपळा होतो. माशी कुठलाही पराग आणून टाकते आणि बी बाटतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मादी कळी दोऱ्यानं बांधायची, त्याच वेलाची नर कळी तोडून पेल्यात पाण्यात ठेवायची आणि सकाळी आपल्या हातानं पराग लावायचा. म्हणजे पुढच्या वर्षी अस्सल तसाच भोपळा! माझी बायको शोभा (ही पाटोद्याच्या माझ्या सख्ख्या मामांची मुलगी, आमच्याकडे ती रीतच आहे) ऐकता ऐकता उरलेल्या फुलांची भजी तळत होती. आप्पांचा चेहरा मात्र पडला.

"एकाच वेलाची फुलं?" त्यांनी विचारलं. "म्हंजे सख्खी भावंडं की रं!"

झाडांत असलं काही नसतं, हे मी त्यांना शास्त्रशुद्ध पद्धतीनं समजावलं. त्यांना ते पटलं नाही. सोयरिकी जमवणाऱ्याच्या परसात असला अधर्म झालेला लोकांना कळला तर उद्या दारात कोण उभं राहील, अशी त्यांची चिंता होती. दुसऱ्या दिवशी ते मामांना भेटायला म्हणून एस.टी.नं पाटोद्याला गेले आणि संध्याकाळी परत आले. मला वाटलं, राग निवला. त्याच संध्याकाळी मी मादी कळी बांधली आणि नर कळी पेल्यात ठेवली.

सकाळी उठून मी पेल्यातल्या फुलाचा पराग मोठ्या भक्तिभावानं लावला. भोपळा धरला आणि असा वाढला, की टेम्पोत चढवायला चौघे लागले. आष्टीच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. तिथे कुणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि माझं वाटोळं झालं. मी जाहीर केलं की याचं बी कड्यात घरोघर वाटणार, पुढच्या वर्षी अख्खं गाव असले भोपळे घेऊन येईल, आणि नाही आलं तर मला सर म्हणू नका. टाळ्या पडल्या. पुढच्या पावसाळ्यात लोकांनी खरंच आपलं जुनं बी टाकून माझं लावलं. पारावर मला बसायला जागा मिळू लागली.

दिवाळीच्या सुमारास रशीदभाई मेकॅनिक आमच्या अंगणात आले. एका तळव्यावर त्यांनी भोपळा आणला होता. हिरवा, चपटा, लोट्यापेक्षा जरासा मोठा. मला वाटलं, हा कोवळा असेल. रशीदभाई म्हणाले, पिकलेला हाय. मागोमाग आणखी लोक आले. प्रत्येकाच्या हातात तसाच भोपळा! अंगण भरलं आणि कुणीच मला सर म्हणेना.

शोभानं एक भोपळा उचलून निरखला. तिला उगाच माहेर आठवलं.

"हे तर आमच्या आईच्या वेलाचं डांगर हाय," ती म्हणाली.

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा शांतपणे सुपारी कातरत होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मामींच्या गोठ्यावरच्या वेलाची नर कळी त्यांनी ओल्या फडक्यात आणली होती आणि रात्री पेल्यातली माझी कळी काढून ती ठेवली होती. भावंडांचं लग्न मोडलं, मामाकडं सोयरीक केली, घराणं माहितीतलं होतं. म्हणजे ते लग्न मी स्वतःच्या हातानं लावलं होतं! फळ आईवर, म्हणजे माझ्या वेलावर गेलं म्हणून पहिल्या वर्षी कुणाला काही कळलं नाही. मामींचा वेल बसला होता बियांत.

माझं डोकंच फिरलं. बायको उभी आहे हेही मी विसरलो. "मामाकडं सोयरीक केली म्हणून पुढची पिढी खुजी निघाली!" मी ओरडलो.

शोभानं हातातला भोपळा सावकाश खाली ठेवला. आप्पा उठून उभे राहिले.

"खुजी?" ते म्हणाले. "आरं, माझ्या बापानं मामाची पोर केली. मी मामाची केली. तुला बी मामाचीच करून दिली. काय वाईट झालं? बघा की मंडळी, ह्यो माझा पोरगा."

आणि खांद्याला धरून त्यांनी मला पुढे उभं केलं. आमच्या दाराच्या चौकटीतून आजोबा वाकून जायचे. आप्पांची टोपी तिला घासायची. मी दोन्ही हात वर करून आरामात जातो.

अंगणानं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग हातातल्या भोपळ्यांकडे पाहिलं.

"आप्पा," रशीदभाई अदबीनं म्हणाले, "सर बी तेच म्हणायलेत."