साहेब काय म्हणाले?

मंडळी, माझ्या आईबाबांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. सरकारी कचेरीत त्यांच्या वतीने मीच बोलते, अगदी शाळेत असल्यापासून.

आज त्यांचं निराधार अनुदान का थांबलं, हे विचारायला तिघं गेलो होतो. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "अहो ताई, मुलगी कमावती झाली ना? मग हे निराधार कसे?"

मला खराडीच्या कॉल सेंटरमध्ये कंत्राटी नोकरी लागलीय. मी विचारलं, "नोकरी उद्या गेली तर?"

"तर पुन्हा अर्ज करा."

बाबांनी हाताने विचारलं, साहेब काय म्हणाले?

तिथे दोन्हीकडचं कळणारी मी एकटीच होते. मी खुणांनी सांगितलं, "म्हणाले, मुलगी छान वाढवलीत."

आईने साहेबांना हात जोडले. साहेबांनीही गोंधळून जोडले.

परतताना बसमध्ये दोघं आनंदाने माझ्याबद्दलच बोलत होते. त्यांचे हात दिसू नयेत म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

पगार मला मिळतो, म्हणून त्यांना ऐकू यायला लागलं का? हा नियम बदला, असं ओरडावंसं वाटतंय. घरी ओरडले तरी कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

आहे का कुणी?