शेजारच्या कबरीचा चुना

रायपुरात तेलीबांध्याला आमच्या बिल्डिंगच्या कुंपणाला आज चुना लावत होते. ओल्या चुन्याचा वास खिडकीतून आला आणि मला जुनं कबरस्तान आठवलं.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. त्याच हिवाळ्यात माझा भाऊ गेला. बाबांची नजर काचबिंदूनं आधीच गेली होती. "देवालेबी दिसत नाही," म्हणत त्यांनी चर्चला येणं सोडलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतो. त्या वर्षी आईनं बाबांना कसंबसं तयार करून नेलं. आम्ही दोघी पाणी घेऊन परतलो, तर बाबांनी चाचपडत शेजारचीच कबर रंगवायला घेतली होती.

"अहो, आपली ही नाही, बाजूची आहे," आई म्हणाली.

बाबांची बोटं कबरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथंच थांबली.

"एवढंसंच लेकरू होतं?" ते म्हणाले. "मले वाटे, माह्याच घरचं गेलं."

ती कबर त्यांनी पूर्ण रंगवली, मग भावाची. दुसऱ्या दिवशी पहाटे चर्चला जायला आमच्याआधी तेच तयार होते.

आता बाबाही तिथंच आहेत. त्या लेकराचं कुणी आलेलं मी अजून पाहिलं नाही. चुन्याचा पहिला हात मी त्यालाच देते.